नवी सवय चहाच्या आधणाला जोडा

नवी सवय लावायची तर तिच्यासाठी वेगळी वेळ काढत बसू नका. रोज न चुकता होणाऱ्या कामाला ती जोडून द्या. सकाळी चहाचं आधण ठेवलं, की ते उकळेपर्यंत ओट्याला धरून टाचा वर-खाली करायच्या. वीस वेळा, बस्स. व्यायाम विसरेल, पण चहा कोण विसरतंय?

‘२१ दिवसांत सवय लागते’ यावर मात्र विसंबू नका. बावीसाव्या दिवशीही कंटाळा आला, की माणूस स्वतःलाच दोष देतो, आणि ते फार वाईट. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांना हा काळ साधारण ६६ दिवसांचा आढळला. माणसागणिक अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत गेला. मधला एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. म्हणून लग्नघरी गेलात, खाडा पडला, तर दुसऱ्या दिवशी सरळ पुढे सुरू करा.

नको असलेली सवय सोडताना उलटं करा: वाट अवघड करा. रात्री अंथरुणात मोबाईल बघत जागरण होत असेल, तर चार्जर उशाजवळून काढून बाहेरच्या खोलीत लावा आणि उशाशी गजराचं साधं घड्याळ ठेवा.