मुंबईत गाडी खालून सडते, आधी तिकडे बघा

सिरॅमिक कोटिंगवर (रंगावरच्या चकचकीत संरक्षक थरावर) हजारो रुपये घालणारे ढीगभर भेटतात, पण गाडी रॅम्पवर चढवून खालून कधी बघितलीय का विचारलं की गप्प. वरळी, दादर, वर्सोवा साइडला राहत असाल तर हवेतलं मीठच पुरे, मीठ ओल धरून ठेवतं त्यामुळे पत्रा कोरडा दिसला तरी गंज आपला चालूच.

अंडरबॉडी कोटिंग, म्हणजे खालच्या पत्र्यावरचा गंजरोधक थर, एप्रिल-मेमध्येच उरकून घ्या. आधी प्रेशर वॉश, आणि चाकांवरचे प्लास्टिकचे लायनर काढायलाच लावा, त्यांच्यामागून मूठ मूठ चिखल निघतो. मग गाडी एक-दोन दिवस सुकू द्यायची, गंज असेल तिथे वायर ब्रश, रस्ट कन्व्हर्टर (गंज थांबवणारं रसायन), प्रायमर, आणि मगच कोट. सकाळी धुऊन दुपारी कोट मारून देतो म्हणणाऱ्याकडून सरळ उठून या, कारण ओल आत कोंडते, वरून काळंकुळकुळीत दिसतं आणि आतून पत्रा खाल्ला जातो. सायलेन्सर, ब्रेक यांवर कोट नको. दारांच्या खालच्या कडेला पाणी बाहेर जायची भोकं असतात ती कोट मारणारे हमखास बुजवतात, दार हलवून बघा, आत डबडब आवाज आला तर बुजलीच समजा.

गंज नको म्हणून खालून डिझेल मारायची जुनी पद्धत सोडा आता, रबरी बुश (सांध्यांमधले रबरी तुकडे) फुगतात आणि धूळ चिकटते ती वेगळीच. पावसात हिंदमाता नाहीतर अंधेरी सबवेच्या तुंबलेल्या पाण्यातून आलात तर लगेच साध्या पाण्याने खालून धुवा.

आता वरचा रंग. कबुतराची घाण उन्हात क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) खाते, ओलं फडकं पाचेक मिनिटं ठेवा, मऊ झाली की उचला, घासू नका. मेट्रोच्या कामाखाली सिमेंटचे थेंब पडून वाळले तर ब्लेड अजिबात लावायचं नाही, पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून भिजवा, विरघळलं की भरपूर पाण्याने धुवा. सोसायटीत गाडी पुसणारे दादा एकाच बादलीत अख्खी रांग उरकतात (त्यांचाही नाइलाज, वेळच नसतो), तेव्हा मायक्रोफायबर आपणच द्यायचं आणि आधी पाणी ओतून धूळ घालवायला सांगायचं. पावसात ओल्या गाडीवर कव्हर नको. खडी उडून टवका गेला तर कलर कोड बघून टच-अप घ्या, पण पत्रा उघडा पडला असेल तर खाली प्रायमर पाहिजेच, नाहीतर रंगाखाली फोड येतो.