पिक्सेल बफरला लाँग वापरू नका, माझे दोन दिवस गेलेत
सी मध्ये ग्राफिक्स नुकतंच सुरू केलंय त्यांच्यासाठी लिहितेय, कारण ही चूक कंपायलर दाखवत नाही.

कॉलेजच्या लॅबमध्ये विंडोजवर एसडीएल२ (विंडो आणि ग्राफिक्सची लायब्ररी) घेऊन ६४० बाय ४८० ची विंडो केली होती, पिक्सेल ठेवायला बफर म्हणून अनसाइन्ड लाँगचा (पूर्णांकाचा एक टाइप) अ‍ॅरे. ग्रेडियंट मस्त दिसायचा, डावीकडे काळा, उजवीकडे लाल होत जाणारा. तोच कोड घरी लिनक्सवर कंपाइल केला, एक वॉर्निंग नाही, आणि रन केल्यावर स्क्रीनभर उभ्या काळ्या रेघा, चित्र आडवं ताणलेलं, एका ओळीत डावा अर्धा भाग तर खालच्या ओळीत उजवा. मी आधी ड्रायव्हर बदलून पाहिला, मग पिच (एका ओळीचे बाइट) दुप्पट करून पाहिला, त्याने ओळी जागेवर आल्या पण रेघा तशाच आणि चित्राचा उजवा भाग गायबच झाला.

शेवटी बफरचे थोडे बाइट प्रिंट केले. चार बाइट रंगाचे, मग चार शून्यं, परत चार रंगाचे, परत चार शून्यं. तिथे कळलं.

६४ बिट विंडोजवर लाँग ४ बाइटचा असतो, ६४ बिट लिनक्स आणि मॅकवर ८ बाइटचा. टेक्स्चरला (ज्यात पिक्सेल टाकून लायब्ररी चित्र दाखवते) पिक्सेलमागे ४ बाइटच हवेत, म्हणजे ओळीला २५६० बाइट, आणि माझी एक ओळ झाली होती ५१२० ची, मग लायब्ररीने एका ओळीच्या दोन ओळी केल्या, आणि मधली शून्यं म्हणजेच त्या काळ्या रेघा. लायब्ररीला तुमचा टाइप दिसतच नाही हो, तिला फक्त पॉइंटर आणि पिच मिळतो. त्यामुळे एसटीडीइंट हेडर घ्या (सी९९ पासून आहे) आणि पिक्सेलला यूइंट३२_टी च वापरा, मशीन कुठलंही असो, ४ बाइटच राहतात.

रंगाच्या एकेका चॅनलला साधा कॅर पण नको, यूइंट८_टी घ्या. इंटेलच्या मशीनवर कॅर बहुतेक साइन्ड असतो (उणे आकडेही धरतो), त्यात २०० टाकले की उणे ५६ होतात, आणि तो आकडा निळा चॅनल म्हणून पिक्सेलमध्ये ऑर केला (बिट एकत्र केले) की वरचे सगळे बिट १ होऊन बसतात, निळ्याच्या जागी फिकट पिवळा! ब्राइटनेस वाढवताना पण बेरीज आधी इंटमध्ये करा आणि २५५ ला अडवा, नाहीतर २५० अधिक १० चे ८ बिटमध्ये ४ होतात आणि चित्राच्या सगळ्यात उजळ भागात काळे ठिपके येतात.

मेमसेटला (बफर एकाच किमतीने भरणारं फंक्शन) पिक्सेलची संख्या दिली तर फक्त पाव बफर साफ होतो, त्याला बाइट हवेत.

आणि मोठ्या इमेज घेणार असाल तर साइजचा गुणाकार साइज_टी (मेमरीची साइज मोजायचा टाइप) मध्ये करा. ३०००० बाय २०००० ला ४ ने गुणलं की २४० कोटी होतात, इंट २१४ कोटींच्या आसपासच संपतो.