मुलांचं बीपी मोजताना या चुका टाळा

जूनमध्ये अक्कलकोट रोडच्या एक आजी नातवाला घेऊन आल्या. हातात शाळेतल्या तपासणीची चिठ्ठी, तिच्यावर फक्त ‘१२८/८४’. पोरगं अकरा वर्षांचं, अंगानं भरलेलं. घरात आठ दिवस शेंगाचटणी बंद.

दंडाला बीपी मशीनचा आमचा नेहमीचा पट्टा गुंडाळला, तर हवा भरताना चर्रकन सुटला. तिथंच संशय आला. टेपनं दंडाचा घेर मोजला, मोठा पट्टा लावला, पाच मिनिटं गप्प बसवलं: १०८/७०.

सगळ्यात जास्त फसवतो तो पट्टाच. लहान पडला की आकडा फुगतो, मोठा झाला की खरा आजार झाकला जातो. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध घेर घ्या. आतल्या फुगणाऱ्या पिशवीची रुंदी घेराच्या निदान ४० टक्के, लांबी ८० ते १०० टक्के हवी. म्हणजे घेर २० सेंटिमीटर असेल तर रुंदी ८, लांबी १६ ते २०. ‘लहान मुलांचा’ असं छापलंय म्हणून तो प्रत्येक मुलाला बसतोच असं नाही.

जिने चढून आलेल्या, रडणाऱ्या पोराचं लगेच मोजू नका. पाठ टेकलेली, पाय खाली टेकलेले (लहानग्याला पाट द्या), उजवा हात छातीच्या उंचीवर. उजवाच का? मुलांच्या बीपीचे तक्ते त्यावरच बेतलेत, आणि महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) जन्मतः अरुंद असेल तर डावा हात कमी आकडा दाखवू शकतो.

‘१२०/८० म्हणजे नॉर्मल’ हे सहा वर्षांच्या पोराला लावणं मला सगळ्यात घातक वाटतं. त्या वयाच्या मुलग्याचं १०५/६६ च्या वर गेलं, तरी वय, उंची, मुलगा की मुलगी हे बघून तक्ता उघडावा लागतो. ९५ व्या पर्सेंटाइलला (म्हणजे तशा शंभरातल्या ९५ मुलांचं बीपी ज्याच्या खाली असतं त्या आकड्याला) किंवा वर असेल तर ते जास्त. मोठ्यांचे आकडे तेराव्या वर्षापासून लागू: १३०/८० पासून उच्च रक्तदाब.

मशीननं जास्त दाखवलं तर स्टेथोस्कोप लावून खात्री करा. तरीही एका दिवसावर शिक्का नको. वेगवेगळ्या तीन भेटींत जास्त निघायला हवं. दवाखान्याच्या भीतीनं चढत असेल तर चोवीस तासांचं मशीन लावतात. मात्र जास्त बीपीसोबत डोकं ठणकणं, उलट्या, अंधुक दिसणं किंवा झटके असतील, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आजींच्या चिठ्ठीवर मी खाली लिहून दिलं: १०८/७०, उजवा हात, मोठा पट्टा, बसून, उंची १४४.