टॉवेलवर क्यूआर कोड लावण्याआधी: सोलापूरच्या यंत्रमागासाठी लॉटची डिजिटल नोंद

सूत कुठल्या गिरणीचं, रंग कुठल्या डाईंगात दिला, विणणाऱ्याला मजुरी किती मिळाली, हे निर्यातीचे ग्राहक आता पुराव्यासकट विचारतात. युरोपीय संघाने २०२४ मध्ये केलेल्या इकोडिझाइन कायद्यात डिजिटल प्रॉडक्ट पासपोर्टची, म्हणजे मालाची माहिती देणाऱ्या डिजिटल नोंदीची, तरतूद आहे, आणि कापड त्यात अग्रक्रमाने येतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या आठ मागांच्या कारखान्यालाही ही नोंद ठेवता येते. अँड्रॉइड फोन, गूगल शीट आणि बिनचूक वजनकाटा असला की काम सुरू होतं.

टेरी टॉवेलात सूत एक नसतं, तीन असतात: पाईलचा ताणा (वरचे फासे, म्हणजे लूप, काढणारे उभे धागे), ग्राउंडचा ताणा (मूळ कापडाचे उभे धागे) आणि बाणा (आडवे धागे). तिघांचे लॉट, म्हणजे गिरणीतून आलेल्या खेपा, वेगळे असू शकतात. म्हणून शीटमध्ये प्रत्येक रोलसमोर तीन रकाने ठेवा, आणि प्रत्येक लॉटसमोर गिरणीच्या बिलाचा फोटो. बहुतेक जण फक्त पाईलचा लॉट लिहितात. सेंद्रिय मालात तिथेच दावा कोसळतो, कारण जीओटीएस या सेंद्रिय कापडाच्या मानकाच्या ‘ऑरगॅनिक’ लेबलला अख्ख्या मालात किमान ९५ टक्के सेंद्रिय तंतू लागतो.

खरी गडबड बीम (ताण्याचे धागे गुंडाळलेला रूळ) बदलताना होते. फासे काढण्यात पाईलचं सूत ग्राउंडच्या कितीतरी पट जास्त जातं, त्यामुळे ग्राउंडचा बीम अर्धा असतानाच पाईलचा संपतो. नव्या बीमच्या गाठी मारून झाल्या की माग सुरू करण्याआधी बीमवरचा कोड स्कॅन करा, माग क्रमांक टाका आणि कापडाच्या किनारीत गडद रंगाचा धागा घाला. कटिंगवाल्याला लॉट कुठे बदलला ते त्या धाग्यावरून कळतं. ‘संध्याकाळी ऑफिसात भरू’ म्हटलं की नोंद अंदाजाची झालीच. फॉर्म मराठी आणि तेलुगू दोन्हींत ठेवा, मागावरचा माणूसच तो भरणार आहे.

डाईंगात कागदी स्टिकर टिकत नाही. पक्क्या शाईने लॉट क्रमांक लिहिलेली सुती पट्टी रोलच्या दोन्ही टोकांना शिवा. क्यूआरमध्ये सगळी माहिती कोंबू नका, फक्त लॉटची लिंक द्या. क्यूआर बनवताना एरर करेक्शनची (खराब भाग भरून काढण्याची) पातळी ‘एच’ ठेवा. जवळपास ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. डाईंगवाल्याकडून रसायनांची बिलं आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राची मुदत, दोन्ही घ्या.

मग वजनाचा ताळा. ७० × १४० सेंमीचा ४५० जीएसएमचा (चौरस मीटरला ४५० ग्रॅम) टॉवेल ४४१ ग्रॅमचा होतो, म्हणजे १००० नगांचे ४४१ किलो. ४८० किलो सूत दिलं असेल तर उरलेल्या ३९ किलोंचा हिशोब वेस्टेज, कटिंग आणि ब्लीचिंगमधली घट यांत दिसला पाहिजे. सूत ज्यावर गुंडाळून येतं त्या कोनांचं रिकामं वजन वजा करा. सूत हवेतला ओलावा ओढतं (कापसाचं प्रमाणित प्रमाण ८.५ टक्के), त्यामुळे पावसाळ्यात तोललेलं सूत आणि उन्हाळ्यात तोललेला माल थेट जुळत नाही. टॉवेलचं वजन सुतापेक्षा जास्त भरलं तर रवानगी थांबवा आणि बाहेरचं सूत मिसळलं का ते आधी शोधा.

मजुरीचा रकाना मात्र सगळ्यात आधी भरा: पीसचा दर, नग, तास, बँकेत जमा झाल्याची तारीख. घरी टॉवेल शिवणाऱ्या बायकांची नोंदही याच शीटमध्ये, त्याच लॉट क्रमांकाखाली. त्यांच्या नावांची प्रत ग्राहकाला देऊ नका. कामगार क्रमांक पुरेसा आहे.