"सगळं येतंय" म्हणणाऱ्यांसाठी: बारावी, सीईटी आणि पहिला इंटरव्ह्यू

मामेभावाची यंदा बारावी सायन्स, कळव्याला राहतो, मागच्या रविवारी गेलो तर मामी म्हणाली बघ रे जरा ह्याच्याकडे, दिवसभर पुस्तक घेऊन बसतो पण मला काय कळत नाही. विचारलं फिजिक्स कुठवर आलं, तर म्हणे दादा दोनदा वाचून झालंय, सगळं येतंय. कोरा कागद दिला आणि म्हटलं चल, बँकिंग ऑफ रोडची, म्हणजे वळणावर तिरक्या केलेल्या रस्त्याची, मॅक्सिमम स्पीडवाली डेरिव्हेशन काढ. पठ्ठ्याने डायग्राम मस्त काढली, फोर्सेस दाखवले, साइन-कॉसची दोन इक्वेशन्स मांडली आणि बसला पेन चावत, एकाला दुसऱ्याने भागायचं हेच आठवेना. पुस्तकात बघताना येणारच ना, पुढची ओळ समोर छापलेलीच असते.

तर आजपासून वाचन निम्मं करा आणि लिहायला बसा. आधी घड्याळाचं गणित, कारण बोर्डाचा फिजिक्सचा पेपर 70 मार्कांचा आणि वेळ 3 तास. सेक्शन ए मध्ये 10 एमसीक्यू (पर्यायवाले प्रश्न) आणि एकेका मार्काचे 8, मग दोन मार्कांचे 12 पैकी 8, तीन मार्कांचे 12 पैकी 8, शेवटी चार मार्कांचे 5 पैकी 3. मी त्याला असं लिहून दिलं: सेक्शन ए ला 30 मिनिटं, दोन मार्कवाल्या प्रत्येक प्रश्नाला 5, तीनवाल्याला 8, चारवाल्याला 11. बेरीज केली तर 167 होते, म्हणजे तपासायला 13 मिनिटं उरतात, बस. आता हे ऐकायला सोपं वाटतं पण पहिल्यांदा घड्याळ लावून बसला तेव्हा एक न्यूमेरिकल 14 मिनिटं खाऊन गेलं, कारण काय तर लॉग टेबल. घरी सगळे मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर सोडवतात आणि बोर्डात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, मग मीन डिफरन्सचा कॉलम कुठला आणि अँटिलॉगला पॉइंट कुठे द्यायचा यातच जीव जातो. प्रॅक्टिसला मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, खरंच सांगतो.

अजून एक, एमसीक्यूचं उत्तर पहिल्यांदा लिहिलं तेच तपासतात, खोडून मागे परत लिहिलं तर मार्क नाही, म्हणून आधी रफ करा मग पेन चालवा.

सीईटीला, म्हणजे बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेला, तर स्टेप्सना कोणी विचारतच नाही. पीसीएमला (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) 150 प्रश्न, 180 मिनिटं, पहिल्या 90 मध्ये फिजिक्स-केमिस्ट्रीचे 100 आणि पुढच्या 90 मध्ये मॅथ्सचे 50, पण मॅथ्सचा एक प्रश्न दोन मार्कांचा. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडून उठलात तर तो शुद्ध येडेपणा. आणि साधारण 20 टक्के अकरावीचं असतं, तेव्हा अकरावीची पुस्तकं रद्दीत घालू नका, आमच्याकडे घातली होती.

कॉलेजबद्दल जास्त नाही सांगत, सेमिस्टर कधी संपतं कळत नाही, मागच्या पाच वर्षांचे पेपर पहिल्याच महिन्यात झेरॉक्स करून घ्या. एक केटी लागली, म्हणजे एक विषय राहिला, म्हणून कोणी मरत नाही पण ती पुढच्या सेमच्या डोक्यावर बसते.

आता इंटरव्ह्यू. इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय. रेझ्युमेत पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा लिहिली होती, युट्यूबवरची एक प्लेलिस्ट बघितली होती एवढाच काय तो संबंध. समोरच्या मॅडमनी अगदी शांतपणे विचारलं लिस्ट आणि टपलमध्ये फरक काय. मला माहीत होतं हो! लिस्ट बदलता येते, टपल बदलता येत नाही, एवढंच बोलायचं होतं, पण तोंडातून आलं "टपल इज लाइक... लिस्ट ओन्ली". त्या हसल्या पण नाहीत, पुढच्या प्रश्नावर गेल्या.

म्हणून रेझ्युमेतला प्रत्येक शब्द आधी मोठ्याने बोलून बघायचा. "टेल मी अबाउट युवरसेल्फ" फोनवर रेकॉर्ड करा, दीड मिनिट, आणि ऐका, लाज वाटेल पण ऐका. प्रोजेक्ट ग्रुपचा असेल तर त्यात तुम्ही नक्की काय केलं तेवढंच सांगा, "वुई डिड" म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच. आणि नसेल येत तर नाही येत म्हणा, गोल गोल फिरू नका.

नवी मुंबईत ऐरोली-महापेकडे बोलावलं असेल तर ठाण्याहून ट्रान्स हार्बरची लोकल 9-10 नंबर प्लॅटफॉर्मवरून, आणि घोडबंदरवाल्यांनो, सकाळी माजिवड्याच्या ट्रॅफिकचा भरवसा धरू नका, एक तास आधीच निघा. आयटी पार्कच्या गेटवर ओरिजिनल आयडी बघतात, रजिस्टरमध्ये एंट्री, मग पास, मी 10:40 ला गेटवर होतो आणि 11 च्या इंटरव्ह्यूला 11:10 ला वर पोचलो, घामाघूम. एचआरचा नंबर आधीच सेव्ह करून ठेवा, तेव्हा तो मेलमध्ये शोधत बसलो होतो आणि नेट चालत नव्हतं.