पावसाळ्यात लोहगडचा ट्रेक कसा प्लॅन करायचा (पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी)

जूनचा शेवट आला की घरातलं, ऑफिसातलं, सोसायटीतलं कोणी ना कोणी विचारतंच, "या पावसाळ्यात आम्हाला पण गडावर ने ना." माझं उत्तर ठरलेलं असतं, पहिला पावसाळी ट्रेक असेल तर लोहगड. राजगड, हरिश्चंद्रगड नंतर कधीतरी, आधी लोहगड. लोणावळ्याजवळच्या मळवली स्टेशनपासून चालत जाता येतं, वर महादरवाजापर्यंत बांधीव पायऱ्या आहेत, पायथ्याच्या लोहगडवाडीत गरम भाकरी मिळते, आणि तरीही तो खराखुरा गड आहे, शिवकाळ आणि पेशवाई दोन्ही पाहिलेला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले त्यात हा पण आहे.

पण सोपा गड म्हणून लोक काहीच प्लॅन न करता जातात आणि मग गडबड होते, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी परतीची वेळ ठरवा

बहुतेक जण निघायची वेळ ठरवतात आणि तिथेच थांबतात. मी उलटं करतो. आधी ठरवायचं की गडाच्या महादरवाजातून खाली उतरायला किती वाजता सुरुवात करायची, आणि मग तिथून मागे मागे येत सकाळची लोकल ठरवायची. पावसाळ्यात माझी वेळ दुपारी १२ ची आहे. १२ वाजता आपण कुठेही असू, विंचूकाटा (गडाची लांब माची) राहिला असेल, फोटो राहिले असतील, तरी उतरायला लागायचं. ही वेळ ग्रुपवर आदल्या दिवशी टाकायची, सगळ्यांकडून "ओके" घ्यायचं, कारण वर धुकं, वारा आणि उत्साह असताना कोणी कोणाचं ऐकत नाही.

आता हिशोब बघा. मळवली ते भाजे गाव रमतगमत अर्धा-पाऊण तास, भाजे ते गायमुख खिंड आणि लोहगडवाडी दीड तास धरा, वाडीतून पायऱ्यांनी महादरवाजा पाऊण तास, वर फिरायला दीड-दोन तास. म्हणजे सकाळी ७ ला मळवलीत उतरलात तर सगळं आरामात होतं. ९ वाजता उतरलात तर वर फिरायला वेळच उरत नाही, आणि ११ ला उतरलात तर प्लीज भाजे लेणी बघा, चहा-भजी खा आणि परत या, गड पुढच्या वेळी. गड पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, आत सोडायच्या वेळा ठरलेल्या असतात, त्या पण आधी बघून घ्या.

वार कुठला

शनिवार-रविवार टाळा. खरंच टाळा. एक दिवस रजा टाका, पण मंगळवार-बुधवार जा. याचं कारण नुसती गर्दी नाही, गडाची बांधणी आहे, आणि हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

लोहगडला एकामागोमाग चार दरवाजे आहेत, गणेश, नारायण, हनुमान आणि शेवटी महादरवाजा. त्यांच्यातली वाट सरळ वर जात नाही, नागमोडी वळणं घेत जाते. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला तटबंदी, मधे अरुंद पायऱ्या. शत्रूने पहिला दरवाजा फोडलाच तरी पुढच्या वळणावर त्याचा वेग तुटावा, माणसं दाटीवाटीने अडकावीत आणि वरून तटावरून त्यांच्यावर मारा करता यावा म्हणून ही रचना केलीये. तीच वाट आज रविवारी दुपारी हजारो लोक एकाच वेळी चढतात-उतरतात, आणि बांधणाऱ्याने जे शत्रूसाठी योजलं होतं तेच आपलं होतं. २०२३ च्या पावसाळ्यात तिथे लोक तासन्‌तास अडकून पडले होते, व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले असतील.

मी स्वतः एकदा रविवारी भाचीला घेऊन त्या वळणावर अडकलोय. ती ९ वर्षांची. वरून उतरणारे आणि खालून चढणारे समोरासमोर आले आणि सगळं थांबलं, पाऊस चालू, पायऱ्यांवरून घोट्याएवढं पाणी वाहतंय, मागचे ढकलतायत, आणि तिचं तोंड पुढच्या माणसाच्या ओल्या सॅकमध्ये दाबलं गेलेलं. मी तिला तटाच्या भिंतीला टेकवून दोन्ही हात भिंतीवर लावून तिच्यासमोर उभा राहिलो, जवळजवळ तासभर. ती एकच विचारत होती, "मामा, हे लोक मागे का नाही जात?" तेव्हापासून मी सुट्टीच्या दिवशी लोहगडला जात नाही आणि कोणाला नेतही नाही. तुम्हाला जायलाच लागणार असेल तर पहिल्या लोकलने जा आणि बाकीचे चढायला लागायच्या आत उतरा.

हवामान कसं बघायचं

आदल्या संध्याकाळी आणि निघताना सकाळी, दोन वेळा हवामान खात्याचा पुणे जिल्ह्याचा अंदाज बघा, त्यात घाटमाथ्यासाठी वेगळा इशारा दिलेला असतो, आपल्याला तो लागतो, पुणे शहराचा नाही. पुण्यात ऊन असतं आणि लोणावळ्यात ढगफुटीसारखा कोसळत असतो हे नेहमीचंच. रेड अलर्ट असेल तर विषय संपला, जायचं नाही. त्या अलर्टचा अर्थ २४ तासांत २०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडू शकतो असा असतो. ऑरेंज असेल तरी पहिल्यांदा जाणाऱ्यांना नेऊ नका. यलो किंवा ग्रीन असेल तर जा. शिवाय पावसाळ्यात जिल्हा प्रशासन काही ठिकाणी बंदीचे आदेश काढतं, ते पण त्याच आठवड्यात चेक करायचे, मागच्या वर्षीचं गृहीत धरायचं नाही.

तिकीट काढलंय, रजा टाकलीये, डबे तयार आहेत म्हणून जाणं हे सगळ्यात वाईट कारण. गड तिथेच आहे, १६४८ मध्ये महाराजांनी घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्यावा लागला, १६७० मध्ये परत आला, १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला, एवढं सगळं होऊन उभा आहे, पुढच्या बुधवारी पण असेल.

जायचं कसं

लोकल बेस्ट. पुण्याकडून लोणावळा लोकल पकडून मळवलीला उतरायचं, लोणावळ्याच्या अलीकडचं स्टेशन. मुंबईकडून आलात तर लोणावळ्यापर्यंत एक्स्प्रेस आणि तिथून पुण्याकडे जाणाऱ्या लोकलने एक स्टेशन मागे. फक्त लक्षात ठेवा, या लाइनवर दुपारी लोकलमध्ये मोठा गॅप असतो, त्यामुळे परतीच्या दोन-तीन लोकलच्या वेळा फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवा, वर नेटवर्कचा भरवसा नाही.

गाडी लोहगडवाडीपर्यंत जाते, पण भाज्यावरून वरचा रस्ता अरुंद आणि चढाचा आहे, वळणावर दोन गाड्या अडकल्या की सगळं ठप्प, आणि धुक्यात रिव्हर्स घ्यायची वेळ आली तर सवय नसलेल्याने करू नये. आजी-आजोबा बरोबर असतील तरच गाडी, नाहीतर चालत जा. ती चाल म्हणजेच अर्धा ट्रेक आहे. स्टेशनवरून निघालं की एक्स्प्रेस वेवरचा पूल, मग भातखाचरं, लावणी चालू असेल तर गुडघाभर चिखलात वाकलेली माणसं, भाज्याच्या वर डोंगरात दिसणारी लेणी, मग चढ. गायमुख खिंडीत आलं की डावीकडे विसापूर किल्ला, उजवीकडे लोहगड. धुक्यात दोन्ही दिसत नाहीत, तेव्हा तिथे कोणालातरी विचारा, अंदाजाने डावीकडे शिरू नका, विसापूरची पावसाळी वाट ओढ्यातून चढते आणि ते वेगळं प्रकरण आहे.

भाजे लेणी परतीला ठेवा. दोन हजार वर्षांपेक्षा जुनी आहेत, ओल्या कपड्यांनी का होईना चैत्यगृहात दहा मिनिटं शांत बसा, लाकडाच्या तुळया अजून छताला दिसतात.

काय घालायचं, काय न्यायचं

बूट खोल ग्रिपचे. तळ झिजलेले स्पोर्ट्स शूज, सँडल, क्रॉक्स नको. ओल्या शेवाळलेल्या पायरीवर गुळगुळीत तळ म्हणजे पडणं नक्की. जीन्स नको, भिजली की किलोभर जड होते आणि गुडघा वाकत नाही. ट्रॅकपँट, ड्रायफिटचा टीशर्ट आणि वरून रेनकोट. छत्री वाडीपर्यंत ठीक, गडावर वारा ती उलटी करून नेतो, आणि अरुंद पायऱ्यांवर छत्रीच्या काड्या दुसऱ्याच्या डोळ्याच्या लेव्हलला येतात.

सॅकला रेनकव्हर असलं तरी आतून पाणी जातंच. त्यापेक्षा मोठी काळी कचऱ्याची पिशवी सॅकच्या आत घाला, सगळं सामान तिच्यात टाका, तोंडाला पीळ देऊन दुमडा. वीस वर्षं हेच करतोय, आतला टॉवेल कोरडा राहतो. त्यात एक पूर्ण कोरडा जोड, आतल्या कपड्यांसकट, जो फक्त उतरल्यावर घालायचा. वर कितीही थंडी वाजली तरी तो काढायचा नाही, काढला की तो पण भिजतो आणि परतीच्या लोकलमध्ये कुडकुडत बसावं लागतं.

पाणी माणशी दोन लिटर. पावसात तहान लागत नाही म्हणून लोक पीत नाहीत आणि उतरताना पायात गोळे येतात. इलेक्ट्रालची पुडी, क्रेप बँडेज, बँडएड, ज्याची त्याची रोजची औषधं, टॉर्च, शिट्टी. खायला गूळ-शेंगदाणे, खजूर, थेपले किंवा चटणी लावलेली पोळी गुंडाळून. पिशव्या हातात धरून मिरवू नका, गडावर माकडं आहेत आणि कॅरीबॅगचा आवाज ती लांबून ओळखतात. जेवण लोहगडवाडीत. चढताना ज्यांच्याकडे चहा घ्याल त्यांनाच सांगून जा, "ताई, साडेबाराला आठ जण येतो, पिठलं-भाकरी आणि ठेचा," म्हणजे उतरेपर्यंत चूल पेटलेली असते. त्या घरांचं पावसाळ्यातलं उत्पन्न यावर असतं, तेव्हा सांगितलं की जा, आणि घासाघीस करू नका.

वर गेल्यावर

ग्रुपमध्ये सगळ्यात हळू चालणारा माणूस कोण ते पहिल्या अर्ध्या तासात कळतं. त्याला सगळ्यात पुढे ठेवा आणि तुम्ही स्वतः सगळ्यात मागे. तो मागे राहिला की धापा टाकत घाईत पाय टाकतो आणि तोच घसरतो. प्रत्येक दरवाजापाशी थांबून डोकी मोजायची, चार दरवाजे म्हणजे चार वेळा मोजणी, आपोआप होते.

दरवाजे बघत जा. नारायण दरवाजापाशी धान्याचं कोठार होतं, भात-नाचणी साठवायचे. वर सपाटीवर लक्ष्मीकोठी आहे, शिवमंदिर आहे, नाना फडणवीसांच्या काळातलं सोळा कोनांचं तळं आहे. तळ्यात उतरू नका, काठ शेवाळलेले असतात.

विंचूकाटा म्हणजे गडाची ती लांबलचक निमुळती माची. तिच्यावर जायला आधी एक छोटा कातळटप्पा उतरावा लागतो, आणि पहिल्यांदा जाणाऱ्यांची खरी परीक्षा इथेच आहे. मी टप्प्याच्या वर उभं राहून दोन गोष्टी बघतो. समोर माचीचा मधला भाग दिसतोय का, आणि वाऱ्यात सरळ उभं राहता येतंय का. दोन्हीला हो असेल तर उतरायचं, तोंड कातळाकडे करून, एका वेळी एकच जण. नाहीतर तिथूनच बघायचं. धुकं फाटलं तर तिथून पण पवना धरणाचं पाणी दिसतं, पलीकडे तुंग-तिकोना हे किल्ले दिसतात. तटाच्या कडेला जाऊन सेल्फी अजिबात नाही, ओल्या दगडाखालची माती धुपलेली असते आणि वरून कळत नाही.

धबधब्यांबद्दल एकच सांगतो. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. आपण उभे असतो तिथे पाऊस कमी असला तरी वर डोंगरात कोसळला की पाणी मिनिटांत चढतं. पाणी गढूळ व्हायला लागलं, पालापाचोळा यायला लागला, आवाज बदलला की लगेच बाहेर. मुलं बरोबर असतील तर भाज्याचा धबधबा लांबूनच बघा.

कोणाला लागलं तर ११२ ला फोन करा, वाडीतल्या माणसांना सांगा, आणि जखमीला स्वतः उचलून पायऱ्या उतरायचा प्रयत्न करू नका. लोणावळ्यात शिवदुर्ग मित्रची रेस्क्यू करणारी मुलं आहेत, रात्री-अपरात्री, भर पावसात जातात, त्यांना जागा नीट सांगा, म्हणजे "हनुमान दरवाजाच्या खाली दुसरं वळण" अशी. दरवाजांची नावं पाठ असण्याचा हा पण उपयोग.

उतरताना

उतरताना पाऊल आडवं टाका, पायरीच्या कडेवर नाही, आणि गप्पा बंद. आपला कचरा आपल्या सॅकमध्ये, काळी पिशवी आहेच. वाडीत जेवून लगेच निघा, जेवल्यावर अंग जड होतं. मळवलीला प्लॅटफॉर्मवर शेवटची मोजणी करा आणि घरी एक फोन.

घरी आल्यावर बूट गच्चीत किंवा उन्हाची वाट बघत ठेवू नका, तळवे उखडतात. आतले इनसोल काढा, बुटांत जुना पेपर कोंबा, दोन तासांनी बदला, रात्री पंख्याखाली ठेवा. सकाळपर्यंत पुढच्या बुधवारसाठी तयार.