युद्धस्मृतीचं मोल्निया खिशातलं घड्याळ घेताय? या चुका टाळा

झाकणावर तारा आणि 1941–1945 दिसलं की नवखे लगेच ‘युद्धातलं घड्याळ’ म्हणून मोकळे होतात. अहो, ते साल युद्धाचं आहे, घड्याळाचं नव्हे! सोव्हिएत रशियातल्या चेल्याबिन्स्कचा मोल्निया कारखाना सुरूच झाला 1947 मध्ये. ही घड्याळं विजयाच्या आठवणीसाठी नंतर काढलेली.

ओळखीच्या एका संग्राहकाने असंच एक भरमसाट पैसे मोजून घेतलं. झाकणावर ‘ऑर्डर ऑफ व्हिक्टरी’ या सोव्हिएत पदकाचं चित्र. विकणाऱ्याने सांगितलं, एका सैनिकाला पदकासोबत मिळालेलं. 1943 मध्ये सुरू झालेला तो सन्मान बड्या सेनापतींसाठी होता आणि एकूण दिला गेला 20 वेळा! साध्या सैनिकाला कुठून मिळणार? मागचं झाकण उघडलं तर आत 18 ज्वेलचं (घर्षण कमी करणारे बारीक खडे) मोल्नियाचं 3602 यंत्र, अस्सल. पण पुढच्या झाकणाची बिजागरी कोरी करकरीत आणि केसची, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचाची, कड बोटाला गुळगुळीत लागेल इतकी झिजलेली. म्हणजे जुन्या केसला नवं झाकण. हे सगळं दाखवल्यावर गृहस्थ म्हणतात, “पण चालतंय ना?” चालतंय की. पैसे मात्र गोष्टीचे मोजलेत.

मी आधी मागची बाजू बघतो, तारेबिरे नंतर. मागचं झाकण उघडू देत नसेल, तर घड्याळ विकणाऱ्याच्या हातात परत.

दुसरी खोड म्हणजे झाकण फटकन दाबून लावणं. आवाज छान येतो, मान्य. पण दर वेळी खटका कडेवर घासतो आणि एक दिवस झाकण लागेनासं होतं. चावीचं बटण दाबून धरा, झाकण टेकवा, मग बटण सोडा. एवढाही धीर नसेल तर उघड्या तोंडाचं, पुढे झाकणच नसलेलं घड्याळ घ्या.

पॉलिश चोळू नका. मुलामा उडतो आणि खालचं पितळ डोकावतं. ‘चावी जास्त बसली म्हणून बंद पडलं’ हेही खरं नाही. बहुतेकदा आतलं तेल सुकलेलं असतं. सर्व्हिसिंग करून घ्या.

आणि ते स्प्रेवाले! बंद घड्याळात तेलाचा फवारा मारतात, हेअरस्प्रिंगची, म्हणजे आतल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगची, वेटोळी एकमेकांना चिकटतात, घड्याळ भन्नाट पुढे पळायला लागतं. मग हे रेग्युलेटर, म्हणजे वेग कमीजास्त करायची कळ, सरकवत बसतात. त्यानंतर घड्याळजीकडे नेतात आणि बिल बघून त्यालाच लुटारू म्हणतात.